नागमोडी रेघ : जर्मन विद्यापीठातले दोन मराठी विद्यार्थी

(दहिसर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकांच्या स्मरणार्थ चालते, तेव्हा विषय शिक्षणाचाच घ्यावा असं ठरवलं. आज मी जर्मन विद्यापीठांविषयी बोलणार आहे. विषय लांबचा वाटेल, पण गेल्या काही वर्षांत तो आपल्या जिन्यापर्यंत आला आहे. मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असते. शनिवारी-रविवारी सकाळी चर्चगेट गाडी पकडून ती काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला जाते. इकडे घरात आईवडील कागद-पेन घेऊन हिशेब मांडून बसलेले असतात. असे पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तिकडे फी नाही म्हणतात, खरं आहे का हो?"

आधी त्याचंच उत्तर देऊन टाकतो. बहुतांशी खरं आहे. जर्मनीतली मोठी विद्यापीठं सरकारी आहेत, तिथल्या राज्यांच्या तिजोरीतून चालतात. मध्यंतरी 2005 च्या एका न्यायालयीन निकालानंतर काही राज्यांनी सत्राला 500 युरो फी लावून पाहिली. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, निवडणुकांत तो मुद्दा झाला, आणि 2014 पर्यंत ती फी सगळीकडून गेली. तरी अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1500 युरो घेतं. म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानं 2024 पासून आपल्यासारख्या देशांतल्या नव्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमानुसार सत्राला 2000 ते 6000 युरो फी लावली आहे. आणि फी नसली तरी राहण्याखाण्याचा खर्च सुटत नाही. व्हिसासाठी एका वर्षाचे 11,904 युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला 992 युरो हातात येतात. म्हणजे मध्यमवर्गीय घरानं अकरा-बारा लाख रुपये आधी उभे करायचे. शिवाय नोव्हेंबर 2022 पासून कागदपत्रं तपासून घेतल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं. एवढं सगळं असूनही 2023-24 च्या हिवाळी सत्रात जर्मनीत 49,483 भारतीय विद्यार्थी होते, आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आपली संख्या सर्वांत मोठी होती.

हिशेब करणाऱ्या पालकांविषयी मला आदरच आहे. पण पैशाचं बोलणं संपलं की आमचं संभाषणही संपतं, याचं मला वाईट वाटतं. तिथं जाऊन मिळवायचं काय, हे कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर मी माझ्या मनानं देणार नाही. आपल्याआधी तिथं जाऊन आलेल्या दोन मराठी माणसांच्या कामातून ते देतो. दोघेही बर्लिन विद्यापीठाचे विद्यार्थी. एक विष्णु सीताराम सुकथनकर, दुसऱ्या इरावती कर्वे.

बर्लिनचं विद्यापीठ 1810 मधलं, विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट यांच्या आराखड्यावर उभं राहिलेलं. शिकवणाऱ्यानं स्वतः शोध घेत राहिलं पाहिजे आणि विद्यार्थ्यानं त्या शोधात हात घातला पाहिजे, हा तिथला मूळ विचार. त्यातून सेमिनारची पद्धत रुजली. टेबलाभोवती दहा-बाराजण, समोर मूळ मजकूर. एकानं आपला अर्थ मांडायचा आणि बाकीच्यांनी तो उसवून पाहायचा, त्यात प्राध्यापकही आले. आपलं मुंबई विद्यापीठ 1857 चं, लंडनच्या नमुन्यावर बेतलेलं, आणि पहिली अनेक दशकं ते मुख्यतः परीक्षा घेणारं विद्यापीठ होतं. ज्याला पदवीच्या पलीकडे काही खणून काढायचं होतं, त्याला त्या काळी बाहेरची वाट धरावी लागे.

सुकथनकर मुंबईचे. जन्म 4 मे 1887. सेंट झेवियर्समधून केंब्रिजला गेले ते गणित शिकायला. तिथून संस्कृतकडे वळले आणि बर्लिनला हाइनरिश ल्यूडर्स यांच्याकडे दाखल झाले. ल्यूडर्स शिलालेख आणि हस्तलिखितं वाचणारे, एकेका अक्षरासाठी अडून बसणारे गृहस्थ. सुकथनकरांनी प्रबंधासाठी घेतला शाकटायन. हा नवव्या शतकातला जैन वैयाकरण. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या नावानं त्यानं आपल्या व्याकरणावर वृत्ती लिहिली. म्हणजे दख्खनच्या राजाच्या आश्रयानं लिहिलेलं व्याकरण मुंबईचा गणितज्ञ बर्लिनमध्ये बसून पोथ्यांवरून शुद्ध करत होता. तेवढ्यात 1914 चं महायुद्ध आलं. प्रबंध छापून निघायला 1921 उजाडलं.

ल्यूडर्स यांनी 1908 मध्येच महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा, म्हणजे पोथ्या ताडून पाठ ठरवलेल्या आवृत्तीचा, एक छापील नमुना काढला होता. युरोपातल्या विद्वत्सभांनी मिळून ही आवृत्ती करायचं ठरवलं होतं. महायुद्धानं तो बेत मोडला. काम उभं राहिलं ते पुण्यात. 1917 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था स्थापन झाली, औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी एक लाख रुपयांचं वचन दिलं, आणि 1 एप्रिल 1919 रोजी वृद्ध सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी कागदावर महाभारताचं मंगलाचरण लिहून कामाचा प्रारंभ केला. 1925 मध्ये सुकथनकर मुख्य संपादक झाले, तेव्हा त्यांना काम जवळजवळ पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागलं.

ते काम कसं चालत असे, हे जवळून पाहण्यासारखं आहे. एक मोठा आखीव कागद. वरच्या ओळीत श्लोकाचं एकेक अक्षर एकेका चौकोनात. खाली प्रत्येक पोथीसाठी एक आडवी ओळ. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी, नेपाळची, मिथिलेची, बंगालची, देवनागरीतल्या ढीगभर, मग तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिपीतल्या. पोथीत वरच्यासारखंच अक्षर असेल तर चौकोन रिकामा सोडायचा, वेगळं असेल तर ते भरायचं. एका श्लोकाला एक कागद. आणि महाभारत म्हणजे किती श्लोक, ते तुम्ही जाणताच. नुसत्या आदिपर्वासाठी सव्वादोनशेच्या वर पोथ्या पाहिल्या गेल्या आणि त्यांतल्या साठेक निवडून त्यांचे पाठ ताडले गेले. पुण्याबरोबरच शांतिनिकेतनला आणि तंजावरलाही हे कागद भरले जात होते. कागद भरणाऱ्या बहुतेकांची नावं आज आपल्याला ठाऊक नाहीत. मला त्यांच्याविषयी अपार कृतज्ञता वाटते.

हे कशासाठी, ते समजायला लांब जायला नको. आपल्या शेजारी मंडपेश्वरची लेणी आहेत. तुमच्यापैकी अनेकजण शाळेच्या सहलीत तिथं गेले असतील. शैवांनी कोरलेली लेणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिथं चर्च केलं. एका शिल्पपटाच्या जागी आज दगडात कोरलेला क्रूस दिसतो. वर पडक्या चर्चच्या भिंती आहेत. आणि आत पुन्हा शिवाची पूजा चालते. प्रत्येक थर खरा आहे, प्रत्येक थराला भक्त आहेत. कोणता थर कधीचा, एवढंच अभ्यासकाला सांगायचं असतं. त्यासाठी त्याला कोणताही थर फोडावा लागत नाही. महाभारताच्या पोथ्यांचंही तसंच.

बर्लिनमध्ये कार्ल लाखमान यांच्यापासून चालत आलेली पद्धत अशी : दोन पोथ्यांत एकच चूक सापडली तर त्या एकाच आईच्या लेकी. अशा चुका जुळवत जुळवत पोथ्यांची वंशावळ मांडायची आणि मुळाशी पोहोचायचं. सुकथनकर ही पद्धत शिकून आले होते, आणि महाभारतापुढे ती जशीच्या तशी चालत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. इथं पोथी उतरवून घेणारा कीर्तन ऐकलेला, पुराण ऐकलेला माणूस. समोरच्या पोथीत नसलेलं, पण कानात असलेलं तो लिहून टाकतो. दुसऱ्या प्रांतातला यात्रेकरू नवी पोथी घेऊन येतो, तिच्यातलं समासात चढतं. पोथ्यांची कुळं एकमेकांत मिसळलेली. मग त्यांनी कसोटी बदलली. काश्मीरची शारदा पोथी आणि केरळची मल्याळम पोथी, ज्यांचा एकमेकींशी संबंध येण्याचा संभव सर्वांत कमी, त्या दोघी जिथं एकच बोलतात तिथं जुना पाठ मानायचा. हे त्यांनी 1933 मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत सविस्तर मांडलं. गुरूकडून घेतलेलं हत्यार समोरच्या दगडाप्रमाणे पुन्हा पाजळून घ्यायचं, हे मला त्यांच्या कामातलं सर्वांत मोठं वाटतं.

आणि जिथं पोथ्या एकमत देत नाहीत तिथं? तिथं त्यांनी त्यातल्या त्यात बरा पाठ वर घेतला आणि त्या शब्दाखाली एक नागमोडी रेघ छापली. ही आवृत्ती वाचनालयात मिळाली तर अवश्य उघडून पाहा. पानापानांवर त्या बारीक रेघा आहेत. वाचणाऱ्याला त्या सांगतात की इथं आमची खात्री कमी आहे, तळटीप पाहा आणि तुम्हीही विचार करा. जन्मभर या ग्रंथात बुडालेला माणूस छापील पानावर आपला संशय दाखवत जातो, आणि तो दाखवल्यामुळे बाकीच्या शब्दांवरचा आपला विश्वास वाढतो. बर्लिनच्या सेमिनारचं उत्तमातलं उत्तम मला या रेघेत दिसतं.

या शिस्तीची किंमत मोजावी लागली. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहून घ्यावं, ही गोष्ट आपल्यापैकी प्रत्येकानं लहानपणी ऐकली आहे. आदिपर्वाच्या चिकित्सक पाठात ती नाही. पोथ्यांचा आधार पुरेसा नाही म्हणून ती परिशिष्टात गेली. पुढे सभापर्वाचं संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन पंडितांनी केलं. तिथं द्रौपदी कृष्णाचा धावा करते ते श्लोक मुख्य पाठातून बाजूला झाले. वस्त्रामागून वस्त्र निघत राहतं, पण कृष्णाचं नाव तिथं येत नाही. लोक दुखावले, ते स्वाभाविक होतं. मात्र एकही ओळ फेकून दिलेली नाही, हे ध्यानात घ्या. बाजूला काढलेला प्रत्येक श्लोक तळटिपेत किंवा परिशिष्टात, कोणत्या पोथीत आहे त्या नोंदीसह जपलेला आहे.

सुकथनकर 21 जानेवारी 1943 ला गेले. त्याच महिन्यात मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर त्यांची व्याख्यानं चालू होती. चौथं व्हायचं राहिलं. त्यांचे गुरू ल्यूडर्सही त्याच वर्षी वारले. काम मात्र थांबलं नाही. बेलवलकरांनी, मग प. ल. वैद्यांनी ते पुढे नेलं. संस्थेचं चिटणीसपद अर्धशतकाहून अधिक काळ सांभाळणारे रा. ना. दांडेकर हे हायडेलबर्ग विद्यापीठाचे डॉक्टर होते, 1938 चे. 22 सप्टेंबर 1966 ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ततेचा समारंभ झाला. 1259 हस्तलिखितं, 19 खंड, 47 वर्षं. आज कोणत्याही विद्यापीठात तीन वर्षांच्या प्रकल्पाचा अर्ज भरताना मला हा 47 चा आकडा आठवतो.

सुकथनकर आणि इरावतीबाई यांच्या मधल्या काळातलं आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 1921 च्या एप्रिलमध्ये बॉन विद्यापीठाच्या पटावर अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून भीमराव रामजी आंबेडकर असं नाव चढलं. प्रवेशासाठी बाबासाहेबांनी प्रशियाच्या शिक्षणखात्याला स्वतःच्या हातानं जर्मनमध्ये पत्र लिहिलं होतं. तेव्हा लंडनमध्ये त्यांचा रुपयावरचा प्रबंध चालू होता, पैशाची ओढाताण होती, आणि बॉनला राहून अभ्यास करणं त्यांना जमलं नाही. वर्गांना हजर नाही म्हणून 1922 च्या जानेवारीत नाव कमी झालं. त्यांच्या चरित्रात ही एक ओळ असते. पण लंडन आणि न्यूयॉर्क पाहिलेल्या, अर्थशास्त्रात अव्वल ठरलेल्या माणसाला आणखी एका भाषेतलं ज्ञान मुळातून हवं होतं, आणि त्यासाठी तो ती भाषा शिकून अर्ज लिहीत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता इरावतीबाई. जन्म 1905, ब्रह्मदेशातल्या मिंजानचा. तिथल्या नदीवरून नाव पडलं. शिक्षण पुण्यात हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये, मग मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्याकडे चित्पावनांवर प्रबंध. पती दिनकर कर्वे स्वतः लायप्झिक विद्यापीठाचे रसायनशास्त्राचे डॉक्टर. पत्नीनंही जर्मनीत जाऊन शिकावं हा त्यांचा आग्रह. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे; स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या अण्णांनाही सुनेचं हे जाणं पसंत नव्हतं. खर्चासाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं. 1928 मध्ये बाई बर्लिनला पोहोचल्या. वय अवघं तेविशीच्या आसपास.

त्यांना मार्गदर्शक मिळाले ऑयगेन फिशर. बर्लिनच्या डाहलेम भागात 1927 मध्ये सुरू झालेल्या मानववंशशास्त्राच्या कैसर विल्हेल्म संस्थेचे हे प्रमुख. 1908 मध्ये जर्मन वसाहत असलेल्या आजच्या नामिबियात जाऊन त्यांनी मिश्रवंशीय कुटुंबांचा अभ्यास केला होता आणि त्यावरून वंशसंकराविरुद्ध निष्कर्ष काढले होते. त्या काळी हे गृहस्थ जगन्मान्य शास्त्रज्ञ होते, हे विसरू नका. इरावतीबाई कुठल्या आडवळणाच्या जागी जाऊन पडल्या नव्हत्या. नामांकित विद्यापीठातल्या नामांकित प्राध्यापकांकडेच त्या गेल्या होत्या.

विषय होता मानवी कवटीतली असमानता. आपली कवटी डावी-उजवीकडे अगदी सारखी नसते. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीत ही असमानता अधिक, आणि तिचा संबंध त्याच्या वरचढ बुद्धीशी, अशी फिशर यांची अटकळ होती. ती मोजमापानं तपासायची. एका हातात कवटी, दुसऱ्या हातात वाकड्या टोकांचा कंपास. मधल्या रेषेपासून डावीकडचं अंतर, मग उजवीकडचं, आकडा वहीत. पुढची कवटी. अशा 149 कवट्या त्यांनी मोजल्या. त्यांत युरोपातल्या होत्या, तशाच आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींतून आणलेल्याही होत्या. निष्कर्ष आला तो असा : असमानता सगळीकडे आहे, ती माणसाच्या कवटीचा सामान्य गुण आहे आणि वंशाशी तिचं नातं दिसत नाही.

हे त्यांनी तसंच लिहिलं. परक्या देशात, परक्या भाषेत, कर्जाच्या पैशावर राहणारी मुलगी, आणि वाचणारा म्हणजे ज्याची अटकळ खोटी ठरली तोच. आकडे थोडे मवाळ करून मांडता आले असते. "अधिक अभ्यासाची गरज आहे" असं लिहून निसटता आलं असतं. त्यांचे चरित्रकार सांगतात की फिशर यांनी प्रबंधाला उत्तीर्ण होण्यापुरता सर्वांत खालचा दर्जा दिला. 1930 मध्ये पदवी घेऊन बाई परतल्या.

इथं दोन गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात, कारण केवळ गौरव करून मी थांबलो तर तो इरावतीबाईंच्याच शिकवणीचा अपमान होईल. पहिली अशी की त्या कवट्या माणसांच्या होत्या. वसाहतींतून त्या कशा आणल्या गेल्या, कुणाच्या परवानगीनं, हा प्रश्न त्या प्रबंधात ऐरणीवर येत नाही. दुसरी अशी की फिशर यांची अटकळ खोडूनही कवट्या आणि शरीरं मोजण्याची ती विद्या बाईंनी सोडली नाही. डेक्कन कॉलेजात आल्यावर पुढे कित्येक वर्षं त्या महाराष्ट्रातल्या जातीजमातींची डोकी, नाकं, उंच्या मोजत राहिल्या. जातींचे संबंध शरीराच्या मापांतून उलगडतील ही आशा त्यांना होती. आज मानववंशशास्त्र ती वाट मागे टाकून आलं आहे. मला वाटतं, गुरूचं उत्तर नाकारणं एक वेळ सोपं असतं. गुरूनं विचारलेला प्रश्नच चुकीचा आहे हे कळायला फार वेळ लागतो. पण त्याच बाईंनी 1953 मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचा मोठा ग्रंथ लिहिला, वारीबरोबर चालल्या, आणि कोयनेच्या धरणानं उठवलेल्या माणसांची पाहणी केली. ती पाहणी 1969 मध्ये प्रसिद्ध झाली. मोजपट्टी हळूहळू खाली राहिली आणि माणसांशी बोलणं वाढत गेलं.

बाई परतल्यावर तीन वर्षांत बर्लिनचं काय झालं? 10 मे 1933 ला विद्यापीठाच्या समोरच्या चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. त्याच वर्षी फिशर विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि यहुदी प्राध्यापकांना काढून टाकण्याच्या कामात सामील झाले. त्यांच्या संस्थेनं नसबंदीच्या कायद्याला शास्त्राचा मुलामा दिला. पुढे ऑशविट्झच्या छळछावणीतून याच संस्थेकडे माणसांचे अवयव अभ्यासासाठी पाठवले गेले. हुम्बोल्टचं विद्यापीठ, सेमिनार, ग्रंथालयं, सगळं जागच्या जागी होतं. फिशरकडे मोजमापं होती, वह्या होत्या, विद्यार्थी होते. आपल्या एकाही विधानाखाली नागमोडी रेघ ओढण्याची तयारी मात्र नव्हती.

ती इमारत आजही डाहलेममध्ये ईनेश्ट्रासे या रस्त्यावर उभी आहे. आता ती 1948 मध्ये स्थापन झालेल्या बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाकडे आहे. तिथं राज्यशास्त्र शिकवतात, आणि दारावर फलक आहे, त्यावर तिथं काय घडलं ते लिहिलेलं आहे. 2014 मध्ये जवळच खोदकाम चालू असताना हाडांचे तुकडे निघाले, पुढच्या उत्खननात हजारोंनी निघाले. ती कुणाची, हे ठरवण्यासाठी वंशानुसार चाचण्या करायच्या का, यावर बराच विचार झाला. ज्यांचं आयुष्य वंशाच्या मोजणीनं उद्ध्वस्त झालं त्यांच्या हाडांची पुन्हा तशीच मोजणी करू नये, या भावनेनं त्या टाळल्या गेल्या, आणि 2023 मध्ये सगळे अवशेष एकत्र पुरले. दहिसरहून तिकडे जाणाऱ्या मुलांनी त्या रस्त्यावर एकदा जावं. फलक वाचावा.

आणि आपल्याकडे बोट दाखवायलाही विसरू नये. ज्या भांडारकर संस्थेत ते आखीव कागद जपले आहेत, तिच्यावर 5 जानेवारी 2004 रोजी जमाव चालून गेला. निमित्त एका पुस्तकाचं होतं. पोथ्या आणि पुस्तकं फाडली गेली, कपाटं फुटली. पुस्तकाचं उत्तर पुस्तकानं द्यावं, एवढं आपण महाराष्ट्र म्हणून तेव्हा ठामपणे म्हणू शकलो नाही, ही बोच माझ्या मनात आहे.

या दोन विद्यार्थ्यांची वाट एके ठिकाणी मिळते, ते सांगण्यासाठी मी इतका वेळ घेतला. महाभारताची चिकित्सक आवृत्ती पूर्ण झाली 1966 मध्ये. इरावतीबाईंचं 'युगान्त' आलं 1967 मध्ये, आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'युगान्त'चा आधार कोणता? हीच आवृत्ती. द्रौपदी, गांधारी, कर्ण, भीष्म यांच्याकडे बाई पाहतात ते पुढच्या काळानं चढवलेली शेंदूरपुटं बाजूला ठेवून, आणि तसं पाहता येतं कारण कोणतं पूट कधीचं हे सांगणारे कागद सुकथनकरांनी भरून घेतलेले होते. एकानं शब्द शोधून दिले, दुसरीनं त्या शब्दांतली माणसं. 'युगान्त' वाचताना बाईंचं एखादं मत पटत नाही, भीष्माला त्या फार कडक तोलतात असं वाटतं. वाटू द्या. त्या आपलं मत आणि ग्रंथातला पुरावा वेगवेगळे ठेवतात, म्हणून तर आपल्याला त्यांच्याशी भांडता येतं.

कर्व्यांच्या घरात पुढच्या पिढीतही ही वाट राहिली. मुलगा आनंद कर्वे यांनी ट्यूबिंगेन विद्यापीठातून वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट केली. लायप्झिक, बर्लिन, ट्यूबिंगेन, तिन्ही सरकारी विद्यापीठं.

आता जी मुलं-मुली इथं बसली आहेत आणि जायच्या तयारीत आहेत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं बोलतो. मोठ्या जर्मन विद्यापीठात तीस-चाळीस हजार विद्यार्थी असतात. तुमच्या मागे कुणी लागत नाही. अनेक व्याख्यानांना हजेरीसुद्धा घेत नाहीत. परीक्षेची नोंदणी तुम्ही स्वतः करायची, तारीख चुकली तर सत्र गेलं. आपल्याकडच्या क्लासमध्ये वाढलेल्या मुलांना पहिलं सत्र फार जड जातं. त्यांना कुणीतरी आधी सांगायला हवं की ही मोकळीक शिक्षणाचाच भाग आहे. डॉक्टरेट करणाऱ्याला तिथं बऱ्याचदा विद्यापीठाच्या नोकरीत घेतात, पगार देतात. त्याला हातात काम असलेला सहकारी समजतात. सेमिनारमध्ये तुम्ही गप्प बसलात तर ते नम्रतेचं लक्षण धरत नाहीत. वाचून आला नाहीत, असं समजतात.

प्राध्यापकांना पहिलं पत्र लिहाल तेव्हा "आपल्या महान कार्यानं प्रेरित होऊन" हे वाक्य काढून टाका. त्यांचे दोन लेख नीट वाचा. कोणत्या ठिकाणी तुम्हाला शंका आली ते चार ओळींत लिहा. ती शंका तपासण्यासाठी तुम्ही काय मोजाल, काय वाचाल, तेही लिहा. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना पत्र टाका आणि विचारा, सरांच्या मताविरुद्ध निष्कर्ष आला तेव्हा काय झालं. फिशरसारखी माणसं कोणत्याही काळात, कोणत्याही देशात, मोठ्या पदावर असू शकतात. आणि जर्मन भाषा बी वनपर्यंत शिकून सोडू नका. शिक्षण इंग्रजीत असलं तरी ग्रंथालय, प्रयोगशाळेतल्या गप्पा आणि घरमालकाचा करारनामा जर्मनमध्येच असतो.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी दोन वर्षांत नोकरीला लागली नाही आणि "मला अजून चार वर्षं संशोधन करायचं आहे" म्हणाली, तर तो फोन शांतपणे ऐका. दिनकररावांनी वडिलांचा विरोध बाजूला ठेवून पत्नीला जहाजावर बसवलं, तेव्हा त्यांच्या हातात तरी दुसरी कोणती खात्री होती?

हिवाळी सत्राच्या अर्जांची मुदत बऱ्याच ठिकाणी 15 जुलैला संपते, काही अभ्यासक्रमांची त्याच्या बरीच आधी. एपीएसच्या प्रमाणपत्राला आठवडेच्या आठवडे लागतात. ज्यांना येत्या वर्षी जायचं आहे त्यांनी कागदपत्रं आत्तापासून काढायला घ्या. कार्यक्रमानंतर मी इथंच थांबणार आहे. ज्यांच्या मनात संशोधनाचा विषय घोळतो आहे त्यांनी तो घेऊन माझ्याकडे यावं, आपण बसून बोलू. अध्यक्षांची परवानगी असेल तर आता तुमचे प्रश्न घेऊ.